दोष गंजाचा नव्हे

गेल्या वर्षी ज्वारीच्या काढणीत आमच्या आप्पांच्या पोटरीला विळा लागला. त्यांनी जखमेत चिमूटभर माती दाबली आणि पुन्हा कामाला लागले. "विळा गंजलेला नव्हता, काही होत नाही," असे त्यांचे म्हणणे. कॉलेजात शिकणारा मी आमच्या घरातला पहिलाच; पण त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शास्त्र म्हणजे सायन्सवाल्यांचा विषय, असे म्हणून आपण कला शाखेचे विद्यार्थी मोकळे होतो. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

पुढे वाचल्यावर कळले, की दोष गंजाचा नसतोच. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकतात. खोल जखमेत हवा पोचत नाही, तेथे ते वाढतात. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली ते वेगळे काढून दाखवले. जंतू जखमेतच राहतात. त्यांचे विष मात्र मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत जाते आणि स्नायूंना सैल करणारा निरोपच अडवते. मग दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि हे सारे रोगी शुद्धीवर राहून सोसतो. म्हणजे आप्पांनी औषध म्हणून जे लावले, तेच भयाचे होते!

माता व नवजात बालकांच्या धनुर्वातावर भारताने २०१५ साली विजय मिळवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. गरोदर स्त्रियांना लस मिळते; मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. पण शेतात राबणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कोण बोलावून देतो? हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपले रक्षण होत नाही. एकदा होऊन गेलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. ज्याची लस त्यानेच घ्यायची, आणि दर दहा वर्षांनी तिची उजळणी करायची.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भाषणे ऐकतो. माझे मत असे, की यंदा आपण गावातल्या शेतकरी-मजुरांची यादी करावी आणि त्यांना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे. सुरुवात आपापल्या घरापासून करावी.

आप्पांना काही झाले नाही, हे आमचे नशीब. पण घरात शिकलेला मुलगा असताना सारे नशिबावर का सोडावे?