जाहीर इशारा : नकारपत्र मागे घ्या, मुदत पंधरा दिवस

आमच्या गाडीचा क्लेम नाकारणाऱ्या विमा कंपनीस, तिच्या कोल्हापूर शाखेस, क्लेम विभागास आणि नकारपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास हा जाहीर इशारा आहे. तुमचे पत्र मी ओळ न ओळ वाचले. त्यावर तुम्हाला तीन पत्रे लिहिली. उत्तर म्हणून तिन्ही वेळा तेच पत्र परत आले, फक्त वरची तारीख बदललेली. बंद लिफाफ्यातला पत्रव्यवहार इथे संपला. यापुढे जे व्हायचे ते चारचौघांसमोर होईल.

आधी घडले ते सांगते.

२०२४ च्या जुलैअखेर पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच नदी ५५ फुटांच्या वर गेलेली आम्ही पाहिली आहे. तेव्हापासून आमच्या शाहूपुरीत पावसाळ्यात लोक उठल्याबरोबर आधी बंधाऱ्याचा आकडा विचारतात. २०२४ च्या त्या रात्री नदीच्या फुगीने जयंती नाल्याचे पाणी मागे फिरले आणि बघता बघता आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कमरेइतके चढले. समोरचा रस्ता आधीच बुडाला होता, गाडी काढायला वाट नव्हती. चावी कपाटात होती, ती कपाटातच राहिली. पहाटे सासऱ्यांना बोटीतून बाहेर काढले. त्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते, त्यामुळे आमच्या घरात ही गाडी हौसेची वस्तू नव्हती.

वीज गेलेली, फोन बंद. तिसऱ्या दिवशी नणंदेच्या घरून पहिला फोन लागला तो तुमच्या टोल-फ्री क्रमांकाला. पाणी ओसरल्यावर चावी न फिरवता गाडी टोचन करून गॅरेजला नेली. ‘गाडी बंद अवस्थेत, टोचन करून आणली’ असे जॉबकार्डवर लिहिलेले आहे. दुरुस्तीचे एस्टिमेट निघाले २,३६,००० रुपयांचे. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ४,२०,००० रुपये. तुमच्या सर्व्हेअरने घसारा वजा करून, सक्तीची कपात वजा करून, निव्वळ देय रक्कम १,४८,५०० रुपये काढली. आकडा माझा नाही, तुमच्या माणसाचा आहे. गाडी सहाव्या वर्षातली, म्हणून धातूच्या भागांवर ४० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा बसतो, हे मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. नियमाबाहेर एक पैसा मी मागितलेला नाही.

आणि तुम्ही दिले काय? एक पान. त्यात दोन कारणे.

पहिले कारण : पाण्यात असताना इंजिन सुरू केले, त्यामुळे ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ झाले, हे परिणामी नुकसान आहे आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण घेतलेले नसल्याने ते पॉलिसीत बसत नाही.

हे धादांत खोटे आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच फायलीत आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन वर येतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. कोणत्याही मेकॅनिकला विचारा. आमच्या गाडीचे हेड आणि खालचे चेंबर तुमच्या सर्व्हेअरसमोर खोलले. चारही रॉड सरळ निघाले. त्याने स्वतः फोटो काढले आणि अहवालातही तसे लिहिले. तरी तुमच्या कार्यालयात बसलेल्या, गाडीला हातही न लावलेल्या माणसाने ‘इंजिन सुरू केले’ असे ठोकून दिले. कशावरून?

पॉलिसीतल्या अपवादावर बोट ठेवून पैसे नाकारायचे असतील, तर तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईशरदास मदनलाल खटल्यात हे स्पष्ट केले आहे. ‘इंजिन सुरू केले नाही’ हे मी सिद्ध करायचे नाही. ‘सुरू केले’ हे तुम्ही सिद्ध करायचे आहे. करून दाखवा.

शिवाय क्षणभर तुमचे म्हणणे खरे धरू. इंजिनाचा खर्च बाजूला ठेवू. मग चिखलात भिजलेल्या सीटांचे काय? वायरिंगचे काय? निकामी झालेल्या ईसीएमचे, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचे, काय? ती तर बंद गाडीतही पाण्यानेच जातात. पॉलिसीच्या पहिल्याच कलमात ज्या आपत्तींचा धोका तुम्ही पत्करला आहे, त्यांत पूर आणि जलप्रलय हे शब्द छापलेले आहेत. इंजिनाचे निमित्त करून संपूर्ण क्लेम बुडवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

दुसरे कारण : सूचना तीन दिवस उशिरा दिली.

अर्धे शहर पाण्यात, वीज नाही, फोन नाही, घरातला आजारी माणूस बोटीत, अशा वेळी तीन दिवसांचा हिशेब मांडताना तुम्हाला काहीच वाटले नाही? बरे, माणुसकी सोडा, कायदा तरी पाहा. विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना बजावले आहे की, उशिराचे कारण न तपासता केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ओमप्रकाश खटल्यात आणि २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गुरशिंदर सिंग खटल्यात, वाहनचोरीच्या प्रकरणांत, कंपनीला कळवण्यातल्या उशिरावर बोट ठेवून खरा क्लेम फेटाळणे अमान्य केले. माझ्या उशिराचे कारण तुम्ही एकदाही विचारले नाही.

आता तुमच्या उशिराकडे वळू. २०२४ च्या जूनमधील नियामकाच्या आदेशानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत तुम्ही निर्णय कळवायचा. तुमचा सर्व्हेअर दहाव्या दिवशी उगवला. निर्णय यायला दिवाळी उजाडली. माझे तीन दिवस तुम्हाला खुपतात आणि तुमचे तीन महिने कोणी मोजू नयेत, असे चालणार नाही. मी मोजले आहेत. फोनच्या नोंदी, ईमेल, पोचपावत्या, सगळे तारीखवार लावून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट जाहीरपणे सांगते, कारण ती अंधारात राहावी अशी तुमची इच्छा दिसते. नकारपत्रानंतर आठवडाभरात तुमच्या एका माणसाचा फोन आला. “मॅडम, साठ हजारांत मिटवून टाका, व्हाउचरवर सही करा, चार दिवसांत खात्यावर जमा होतील.” क्लेम बसत नसेल, तर साठ हजार कशाचे? आणि बसत असेल, तर उरलेले ८८,५०० कुठे गेले? मी सही केली नाही, करणारही नाही. अडलेल्या माणसाकडून ‘संपूर्ण व अंतिम’ असे लिहून घेतले म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, हे नियामकाने २०१५ मध्येच तुम्हाला कळवले आहे.

तुमच्याच कंपनीचा विमा असलेल्या आमच्या इमारतीतल्या आणखी दोन गाड्यांना शब्दशः हेच पत्र आले आहे. गाडी वेगळी, मालक वेगळा, नुकसान वेगळे, कारण मात्र तेच. याचा अर्थ एकच होतो : तुम्ही गाड्या तपासल्या नाहीत, नकार छापून ठेवला होता. माणूस कंटाळेल, कोर्टकचेरीला घाबरेल, गप्प बसेल, या भरवशावर हे चालले आहे. तो भरवसा आज मोडून घ्या.

माझ्या मागण्या अशा :

१. नकारपत्र लेखी मागे घ्या.

२. तुमच्याच सर्व्हेअरने काढलेले १,४८,५०० रुपये, बँक दरापेक्षा २ टक्के अधिक व्याजासह, माझ्या खात्यात जमा करा.

३. ‘इंजिन सुरू केले’ हा निष्कर्ष कोणी आणि कोणत्या पुराव्यावर काढला, ते लेखी कळवा.

४. आमच्या इमारतीतल्या उरलेल्या दोन क्लेमची नव्याने, गाडी प्रत्यक्ष पाहून, छाननी करा.

मुदत : हा इशारा तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या हाती पडल्यापासून पंधरा दिवस. ग्राहकाची तक्रार सोडवायला नियामकाने तुम्हाला चौदा दिवस दिले आहेत. मी एक दिवस जास्त देते. सोळावा दिवस मिळणार नाही.

मुदत टळली तर काय होईल, तेही ऐकून ठेवा. ‘विमा भरोसा’ पोर्टलवर नियामकाकडे तक्रार जाईल. त्याच दिवशी पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज दाखल होईल. तिथे फी नाही आणि वकील लावावा लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद ऐकण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यांचा निवाडा तुमच्यावर बंधनकारक आहे, माझ्यावर नाही. तो तीस दिवसांत पाळला नाही, तर दिवसाला ५,००० रुपये दंड तुम्हाला भरावा लागेल. तिथे समाधान झाले नाही, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार मला उघडे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या गावी तक्रार करता येते, तेव्हा तुमच्या मुख्यालयाच्या शहरात मी खेटे घालणार नाही, तुम्हाला इथे यावे लागेल. तिथे मी क्लेमची रक्कम मागेन, व्याज मागेन, आणि आजारी माणसाला भर पावसात रिक्षासाठी ताटकळत उभे राहावे लागले त्याची भरपाईही मागेन. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आणि ऐन वेळी नवे कारण काढायचा विचार असेल, तर तो सोडा. नकारपत्रात जे कारण लिहिले नाही, त्याच्या आड नंतर लपता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स खटल्यात ठरवून दिले आहे. तुम्ही दोन कारणे लिहून दिली आहेत. त्या दोनच कारणांवर तुम्हाला उभे राहायचे आहे, आणि ती दोन्ही पोकळ आहेत.

आता दोन शब्द गाडीमालक बंधू-भगिनींसाठी. हा इशारा तुम्हालाही आहे.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नका. एकदासुद्धा नाही. बॅटरीची वायर काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, टोचन करूनच हलवा आणि जॉबकार्डवर तसे लिहून घ्या. माझ्या हातात आज जे बळ आहे, ते त्या एका ओळीचे आहे. क्लेमचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि मागाहून ईमेल कराच. सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा. नकार तोंडी आला तर मान्य करू नका, कारणासह कागदावर घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. गाडी तुम्हीच पाण्यात घातली असेल, तर खोटे सांगू नका. एकाच्या खोट्याने दहा जणांचे खरे क्लेम संशयात येतात.

आणि तारखा विसरू नका. लोकपालांकडे नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत. कंपनीशी पत्रापत्री चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. ‘बघतो’, ‘वर पाठवले आहे’, ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ यात वर्ष निघून जाते आणि मग हक्क असूनही दार बंद होते. हप्ता एक दिवस चुकला तर पॉलिसी संपते. मग आपण आपल्या तारखांबाबत ढिले का राहायचे?

नकारपत्र हा निकाल नसतो. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्या पक्षाचे ते म्हणणे असते, एवढेच. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह आणि सही-शिक्का असला, म्हणून त्याला निवाड्याचे वजन येत नाही. ते घेऊन गप्प घरी बसू नका.

कंपनीला शेवटचे सांगते. जॉबकार्ड, रॉडचे फोटो, सर्व्हे अहवाल, तुमचे नकारपत्र आणि माझी तिन्ही पत्रे यांच्या प्रती काढून झाल्या आहेत. लोकपालांकडचा अर्ज लिहून तयार आहे. त्यावर फक्त तारीख घालायची राहिली आहे.