उतरणार कुठून?

ट्रेकची नोटीस बोर्डावर लागते तेव्हा तिच्यात तीन गोष्टी हमखास असतात : गडाचं नाव, निघायची वेळ आणि कॉन्ट्रिब्युशन. चढायची वाटसुद्धा बऱ्याचदा लिहिलेली असते. उतरायची वाट मात्र 'वर गेल्यावर बघू' या खात्यात जमा! मित्रहो, माझं म्हणणं अगदी साधं आहे. उतरायची वाट हॉस्टेलचं गेट सोडायच्या आधी ठरली पाहिजे आणि रजिस्टरमध्ये लिहिली गेली पाहिजे.

आपल्या सगळ्यांचा लाडका हरिश्चंद्रगडच घ्या. उंची १४२४ मीटर. पाचनईला उतरलात तर तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर). तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरलात तर तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. आणि साधले घाटाने किंवा नळीच्या वाटेने खाली बेलपाड्याला पोचलात तर थेट कोकण, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे. म्हणजे एकाच गडावरून पाय वळतील तसा जिल्हा बदलतो. जीप पाचनईला उभी आणि पब्लिक बेलपाड्यात, अशी अवस्था झाली तर मध्ये अख्खा घाट आडवा! उद्या कुणी परतलंच नाही, तर शोधायला निघणाऱ्यांनी कुठल्या जिल्ह्यातून सुरुवात करायची?

'वाट चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली जा, गाव लागतंच' हा सल्ला प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी देतोच. सह्याद्रीत हा सल्ला जीवघेणा आहे. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झालाय. तो झिजला तोही पायऱ्यापायऱ्यांनी : कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. पाणी कड्यावरून उडी मारू शकतं, आपण नाही. शिवाय वरून बघणाऱ्याला खालच्या पदरातली झाडं दिसतात, मधला कडा दिसतच नाही. नकाशावर तरी दिसेल? सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० शीटवर कंटूरमधलं अंतर २० मीटर असतं. आपलं चार मजली हॉस्टेल दोन रेषांच्या मध्ये आरामात लपेल! मोबाईलवरचा ट्रॅक उपयोगी आहे, पण अरुंद नाळेत जीपीएस भरकटतं. आणि तो ट्रॅक बनवणाऱ्याकडे दोर होता की नव्हता, हे त्या रेषेवर लिहिलेलं नसतं.

दुसरा गैरसमज वेळेचा. 'चढायला पाच तास, उतरायला दोन.' नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशेब मांडला : तीन मैलांना एक तास, वर दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. उताराचा त्यात विचार नव्हता. पुढे लँगम्यूरने दुरुस्ती केली, की १२ अंशांपेक्षा तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटर उतरायला १० मिनिटं जास्तच धरा. त्यात आपला घसारा, वाळलेलं गवत आणि दमलेले गुडघे मिळवा. एखाद्या कातळटप्प्यावर एकच दोर आणि पंधरा जण असतील, तर माणशी सहा मिनिटं धरली तरी दीड तास तिथेच गेला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नाळेत अंधार त्याआधीच येतो.

म्हणून माझा नियम : अवघड वाटेने चढा, सोप्या वाटेने उतरा. नळीची वाट करायचीच असेल तर चांगली तयारी, दोर आणि जाणकार माणूस घेऊन बेलपाड्यातून चढा आणि पाचनईला उतरा. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, आणि अडलात तर आलेली वाट पाठीशी असते. उतरताना पाय कुठे पडतोय तेच दिसत नाही. कातळ उतरून दोर खाली ओढून घेतला की मागची वाट बंद! १६७० साली सिंहगडावर सूर्याजी मालुसऱ्यांनी परतीचे दोर कापले असं सांगतात. ती लढाई होती. आपल्याला फक्त सोमवारचं सबमिशन गाठायचंय.

'मग थरार काय उरला? एवढी भीती वाटते तर रूमवर कॅरम खेळा' असं काही सीनिअर म्हणतील. अहो, वाट तीच, डोंगर तोच, फक्त दिशा बदला. थरार सकाळी ताज्या पायांनी घ्या की! आणि कृपा करून वर गेल्यावर हात वर करून मतदान घेऊ नका. बारा जण 'हो' म्हणाले म्हणून कडा लहान होत नाही. ज्याची तंतरलीय तो फर्स्ट इयरचा पोरगा बारा जणांसमोर तोंड उघडत नाही. वाट सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हिशेबाने ठरवा, आणि एकाचा 'नको' पुरेसा माना.

गावात चौकशी करतानाही नीट करा. 'मामा, ही वाट खाली जाते ना?' असं विचारलं की 'जाते की' हेच उत्तर मिळणार. त्यांच्या पायांना ती जातेच. 'मामा, तुम्ही स्वतः शेवटचं कधी उतरलात? यंदाच्या पावसात दरड पडली का? ढोरवाटा कुठे फुटतात?' असं विचारा. आणि पैसे देऊन त्यांना वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. एका पिझ्झ्याच्या पैशांवरून घासाघीस नको.

शेवटी रेक्टर सरांना एक विनंती. आपल्या रजिस्टरमध्ये 'जाण्याचे कारण' या रकान्यात सगळे 'ट्रेक' एवढंच लिहितात. त्याशेजारी तीन रकाने वाढवा : उतरणार कुठून, गाडी कुठल्या गावात, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. वाट बदलली तर रेंज मिळेल तिथून कळवायचं. फार तर दोन मिनिटांचं काम आहे. ज्या ग्रुपला हे रकाने भरता येत नाहीत, त्यांनी चढायची घाई करू नये.