केशरोपणाचा कागद रुग्णाच्या हातात द्या

महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,


बिघडलेलं केशरोपण दुरुस्त करायचं तर काय काय लागतं, हे भाच्याबरोबर डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवताना मला कळत गेलं. त्याच्या डोक्यामागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोटभर रुंद पांढरा व्रण आहे. कातडीची पट्टी काढून टाके घातले, ताण बसला आणि व्रण फाकला. केस कमी पडले म्हणून नंतर पंच नावाच्या बारीक गोल हत्याराने एकेक मूळ काढलं, तेही एकाच भागातून. तिथे आता विरळ केसांत पांढरे ठिपके दिसतात. सलूनच्या खुर्चीत बसायच्या आधीच तो सांगतो, "मागे मशीन नको, कात्रीच लावा."

दुरुस्ती होते. व्रण कापून नव्याने शिवतात. एक कड तिरकी छाटून शिवली की व्रणातूनच केस वर येतात. पण त्यासाठी टाळूची कातडी सैल लागते. दाढीचे केसही व्रणात रोवतात, मात्र तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने सगळे जगत नाहीत. थोडे लावायचे, काही महिने थांबायचं, मग पुढचे. उरलेलं रंगाचे बारीक ठिपके टोचून झाकायचं. १९३९ साली जपानच्या डॉ. शोजी ओकुडा यांनी केशरोपणाचं तंत्र मांडलं, ते भाजून किंवा जखमेने केस गेलेल्यांसाठी. त्याच तंत्राने धडधाकट पोरांच्या डोक्यावर असे व्रण पडावेत, याचा मला संताप येतो.

प्रत्येक डॉक्टर आम्हाला तेच विचारतो: पट्टी किती रुंद काढली? ग्राफ्ट, म्हणजे रोवलेली केसांची मुळं, किती? पंच किती मिलिमीटरचा? आधीचे फोटो? आमच्याकडे फक्त पैशांची पावती. आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्यात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असं डॉक्टरांसाठीची २००२ची आचारसंहिता सांगते. केशरोपण करणाऱ्या क्लिनिकचं उत्तर: "तुम्ही ॲडमिट कुठे होता?" सकाळी टेबलावर घेऊन संध्याकाळी घरी पाठवलं की जबाबदारी संपते का?

यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेत बसून केशरोपणाचं काम सुरू करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावलं. पण चीर कोणी दिली हेच कागदावर नसेल, तर तक्रार करायची कोणाविरुद्ध?

म्हणून परिषदेने आपल्या नोंदणीकृत डॉक्टरांना आदेश द्यावा: केशरोपणाच्या दिवशीच रुग्णाला कागद मिळाला पाहिजे. त्यावर पद्धत, ग्राफ्टची संख्या, पंचचं माप, मूळ केस कुठून काढले त्या जागेचे आधीचे फोटो, प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, आणि डॉक्टरांची सही नोंदणी क्रमांकासह. आदेश निघेपर्यंत जुन्या रुग्णांनी नोंदी मागितल्या आणि क्लिनिकने नाकारल्या, तर ती तक्रार परिषदेने दाखल करून घ्यावी. पहिली तक्रार आमची असेल.

आपला,
एका रुग्णाचा मामा