चिरकलेला सूर

सातवी-आठवीत गेलं की मुलांचा आवाज एक दिवस दगा देतो. प्रार्थनेत वरचा सूर लावायला जावं आणि मध्येच ‘चिर्र’! मागच्या रांगेत खसखस पिकते. गळ्यातलं स्वरयंत्र भराभर वाढत असतं, स्वरतंतूंवर अजून ताबा आलेला नसतो, म्हणून असं होतं. पुढे आवाज स्थिरावतो आणि आपण ते विसरूनही जातो.

पण एका गायिकेचा आवाज वरच्या सुरावर जन्मभर असा चिरकत राहिला, आणि जाणकार मंडळी नेमक्या त्याच क्षणाची वाट बघत बसायची! खरं नाही वाटत? गाण्याच्या शौकीन आजोबांसमोर नुसतं ‘बेगम अख्तर’ एवढंच म्हणून पाहा.

उत्तर प्रदेशातल्या फैजाबादला ७ ऑक्टोबर १९१४ रोजी ही मुलगी जन्मली. घरातलं नाव बिब्बी. वडील वकील, पण त्यांनी बायको-मुलींना वाऱ्यावर सोडलं. जुळी बहीण लहानपणीच गेली. उरल्या मायलेकी. आई मुश्तरीबाईंनी हिंमत धरली आणि लेकीला एकामागून एका उस्तादांकडे गाणं शिकायला घातलं.

१९३४च्या जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी कलकत्त्यात जलसा झाला, त्यात ही मुलगी गायली. ऐकायला सरोजिनी नायडू होत्या. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, शिवाय खादीची साडी भेट पाठवली. मग काय! ‘अख्तरीबाई फैजाबादी’ या नावाच्या तबकड्या धडाधड खपू लागल्या. मुंबईत येऊन बाईंनी मेहबूब खान यांच्या ‘रोटी’ (१९४२) या चित्रपटात कामही केलं.

१९४५ साली लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि गाणं बंद पडलं! घरंदाज बायकांनी मैफलीत गायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. गंमत बघा, मैफलीत पुढे बसून ‘वाहवा’ करायला मात्र घरंदाज पुरुषांना बंदी नव्हती. मला तर हे वाचून रागच येतो.

मोठं घर, नोकरचाकर, कशाची ददात नव्हती. पण गाणं नाही! बाई आजारी पडल्या, खंगत चालल्या. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, यांना गाऊ द्या. रेडिओवरच्या मंडळींनी बॅरिस्टरसाहेबांची समजूत घातली. १९४९ साली लखनौ आकाशवाणीवर त्यांनी तीन गझला आणि एक दादरा गायला, आणि गाऊन झाल्यावर त्या ढसाढसा रडल्या. अख्तरीबाई फैजाबादी मागे पडल्या. यापुढे जग त्यांना बेगम अख्तर म्हणून ओळखणार होतं.

गझल म्हणजे दोन-दोन ओळींच्या शेरांची माळ. (मराठीत सुरेश भटांच्या गझला ताई-दादांनी ऐकल्या असतील.) बेगमसाहिबा स्वतः पेटी वाजवत गायच्या. शेराची पहिली ओळ घोळवून घोळवून म्हणायच्या. आता पुढे काय, म्हणून ऐकणारा पुढे सरकायचा, आणि मग दुसरी ओळ यायची. त्यातल्या एखाद्या दुखऱ्या शब्दावर आवाज वर जायचा आणि काचेला तडा जावा तसा क्षणभर चिरकायचा. दुसऱ्या कुणी तो दोष लपवला असता. यांनी तो जिथे शोभेल तिथेच येऊ दिला.

चाली तर त्या बसल्या बसल्या बांधायच्या. अशी आठवण सांगतात, की मुंबईहून निघताना शायर शकील बदायुनी यांनी स्टेशनवर त्यांच्या हातात एक कागद ठेवला. तो पर्समध्ये तसाच राहिला. सकाळी भोपाळला चहा घेताना आठवण झाली. लगेच पेटी काढली आणि गाडी लखनौला पोहोचायच्या आत चाल तयार! पुढे ती गझल त्यांच्या प्रत्येक मैफलीत फर्माइश करून मागितली जाऊ लागली.

ऑक्टोबर १९७४मध्ये अहमदाबादला मैफल होती. तब्येत बरी नव्हती. सूर मनासारखा लागेना, म्हणून त्यांनी आवाज आणखी वर चढवला. मैफलीनंतर त्या आजारी पडल्या आणि ३० ऑक्टोबरला तिथेच गेल्या. १९७५चा पद्मभूषण त्यांना मरणोत्तर मिळाला. लखनौच्या पसंदबागेत आईच्या शेजारी त्यांची कबर आहे.

त्यांचं गाणं आज मोबाइलवरसुद्धा सापडतं. या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गझल लावा. उर्दू शब्द अडतील, अडू देत. आई-बाबांना विचारा, त्यांचेही अडतील! फक्त आवाज वर चढायला लागला, की कुणीही बोलायचं नाही. तो तडा अगदी क्षणभराचा असतो, बोलण्यात निसटून जाईल.