मळेवाल्यांचे राज्य

कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचे एक हिरवेगार बेट आहे. इंग्रजांनी ते १६५५ साली स्पेनकडून जिंकून घेतले आणि पुढे तेथे उसाचे विस्तीर्ण मळे उभे केले. त्या साखरेने इंग्लंडचा चहा गोड झाला. परंतु ऊस पिकविण्यासाठी आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे विकत घेतली जात. हंगामात चरक रात्रंदिवस फिरत. ऊस घालताना पेंगुळलेल्या गुलामाचा हात त्यात सापडला, तर तो तोडण्याकरिता जवळच कुऱ्हाड ठेवलेली असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर गुलामांची संख्या गोऱ्यांच्या सुमारे दसपट होती. मग इतक्या थोड्या लोकांनी इतक्या जणांवर सत्ता कशी चालविली? चाबूक आणि बंदूक, असे उत्तर कोणीही देईल. ते खोटे नव्हे. पण माझ्या मते मळेवाल्यांचे खरे बळ कायद्यात होते. १६६४ पासून बेटावर कायदे करणारी सभा होती आणि तीत वर्चस्व मळेवाल्यांचेच. न्यायासनावर तेच, शिपाईदलाचे अधिकारीही तेच. माणूस ही मालमत्ता आहे, असे त्यांनी ठरविले. मग चाबूक मारणारा अपराधी न ठरता पळून जाणारा अपराधी ठरला! कित्येक मोठे मळेवाले तर इंग्लंडातच राहत आणि मळ्याचे उत्पन्न तेथे बसून खात. अशांना उद्योगी म्हणणारे लोक आहेत. मला तो शब्द कष्ट करणाऱ्यांसाठी राखून ठेवावासा वाटतो.

१८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या गुलाम धर्मोपदेशकाने आपल्या बांधवांना सांगितले, की मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावू नका. संपातून उठाव झाला, मळे पेटले. तीनशेहून अधिक गुलामांना देहान्त शासन झाले. शार्पला १८३२ साली फाशी दिले.

या घटनेने इंग्लंडातील लोकमत हलले, आणि १८३३ साली पार्लमेंटने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. कोणाला? गुलामांना नव्हे, मालकांना! मालमत्ता गेली होती ना त्यांची! मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही; उलट जमैकात त्यांच्यापैकी बहुतेकांना १८३८ पर्यंत जुन्याच मालकाकडे आठवड्यातील बराच वेळ बिनमजुरीने राबावे लागले. मालकांच्या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने काढलेले कर्ज मात्र पुढच्या पिढ्या फेडीत राहिल्या. ते पुरते फिटले २०१५ साली.