2 जीबीत काय मावत नाही?

मंडळी, "2 जीबी रॅम? फेकून दे रे!" हे आपल्या ऑफिसातलं नेहमीचं वाक्य. माझी मावशी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. 2019 साली राज्यातल्या सेविकांना 2 जीबीवाले सरकारी फोन मिळाले, त्यातलाच एक तिचा. कॉल नीट लागायचे, आणि लाईट गेली की टॉर्च घरभर फिरायचा! 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला आणि गाडी अडली. "लई तापतंय बघ, गार झाल्याबिगर हालतच न्हाई," इति मावशी. त्यात ॲप तेव्हा इंग्रजीत. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी फोन सरकारला परत केले. बरोबरच केलं.

पण दोष एकट्या फोनचा? देवनागरी एसएमएसमध्ये 70 अक्षरं बसतात. पोराचं नाव, तारीख, वजन, उंची त्यात आरामात येते. अख्ख्या अंगणवाडीचा महिन्याचा डेटा एका सेल्फीएवढाही नाही. मग रॅम खातं कोण? लायब्रऱ्यांवर लायब्रऱ्या रचून 12 जीबीच्या फोनवर टेस्टिंग उरकणारी आपली जमात! नवा फोन द्या म्हणे. तोही चार वर्षांत जुना होणारच ना?

तिकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. स्क्रीनवर चक्र फिरत राहतं, आणि कमी वजनाचं पोर नोंदीविनाच कारखान्यावर जातं.

माझं ऐकाल तर असली ॲप लिहिणाऱ्यांना महिनाभर हाच फोन द्या. पगार जमा झाला का, तेही त्यावरच बघू देत.