डिग्रीचं कर्ज दुकानाच्या गल्ल्यात आणू नका



माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी जण हा प्रश्न विचारतोच. "सर, कॉलेज संपलंय. एज्युकेशन लोन आहे, क्रेडिट कार्डाचं थोडं आहे, मोबाइलचा हप्ता चालू आहे. धंदा सुरू करतो आणि त्यातूनच सगळं फेडतो. चालेल ना?"

माझं उत्तर: नाही चालणार. ऐकायला कडू लागेल, पण हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगतो.

माझा पहिला जून

बीबीए झालं आणि आठ महिन्यांत मी स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान टाकलं. डोक्यावर एज्युकेशन लोन, कार्डाचे अडतीस हजार आणि फोनचा हप्ता. विक्री बरी होती. रात्री गल्ला मोजताना छाती फुगायची. हप्त्याची तारीख आली की गल्ल्यातून उचलायचो आणि भरायचो. दुकान माझं, पैसा माझा, त्यात काय एवढं?

मे महिना आला. स्टेशनरीवाल्याची वर्षाची खरी कमाई जूनमध्ये असते, आणि तो माल मेमध्येच भरावा लागतो. पुण्याला बोहरी आळीत माल घ्यायला निघालो तेव्हा खात्यात अकरा हजार होते. नव्या दुकानदाराला उधारी कोण देणार? जेवढं जमलं तेवढं आणलं. शाळा सुरू झाली, पालक याद्या घेऊन आले आणि मी म्हणत राहिलो, "वह्या दोन दिवसांत येतील." जूनमध्ये परत गेलेलं गिऱ्हाईक वर्षभर दुसरीकडेच जातं. आई विचारायची, "दुकान चालतंय ना रे?" मी हो म्हणायचो. ते खोटंही नव्हतं. दुकान चालत होतं, पण त्याचा माल भरायचा पैसा मी माझ्या जुन्या खर्चांना देऊन बसलो होतो.

गल्ला म्हणजे नफा नाही

हिशोब बघा. एज्युकेशन लोनचा हप्ता ३,४००, कार्डाचं मिनिमम २,०००, फोनचे १,६००. झाले महिन्याला ७,०००. समजा तुमचं सरासरी मार्जिन २० टक्के आहे. मग फक्त हे हप्ते भरायला ३५,००० रुपयांची विक्री करावी लागेल. त्यात भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार आणि तुमचं जेवण अजून धरलेलंच नाही. नवीन दुकानावर पहिल्याच महिन्यापासून एवढं ओझं टाकायचं का?

सगळी कर्जं सारखी नसतात

कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर ४०,००० च्या थकबाकीवर १,४०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, म्हणजे १,६५२ रुपये. तुम्ही २,००० भरले तर मूळ रक्कम कमी झाली जेमतेम साडेतीनशेने! मिनिमम भरून कार्ड फिटत नाही. हे कर्ज सगळ्यात आधी संपवा. अ‍ॅपवरून घेतलेली छोटी महाग लोनंही याच रांगेत.

एज्युकेशन लोन त्यामानाने शांत असतं. बऱ्याच बँकांत कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही. पण व्याजाचं मीटर चालू असतं, हे लक्षात ठेवा. त्या वर्षात निदान व्याज तरी भरत राहिलात तर पुढचा हप्ता फुगणार नाही. व्याजदर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लागत नाही.

मामा-काकांकडून घेतलेले हातउसने पैसेही कर्जच. त्यावर व्याज नसलं तरी नातं अडकलेलं असतं. कधी आणि किती देणार ते स्वतःहून सांगा.

बजेट कसं बसवायचं?

समजा हातात पगार २२,००० येतो. शेअरिंगची रूम ४,०००, मेस ३,५००, प्रवास १,२००, रिचार्ज ३००, घरी ३,०००, किरकोळ २,०००. खर्च १४,०००, उरले ८,०००. त्यातून लोनचा हप्ता ३,४०० आणि फोनचे १,६०० गेले, की कार्डासाठी ३,००० राहतात. कार्ड वापरणं पूर्ण बंद. पाच महिन्यांनी फोन फिटला की तेच १,६०० कार्डाकडे वळवा, म्हणजे ४,६००. वरच्याच व्याजाने हिशोब केला तर ४०,००० चं कार्ड चौदाव्या महिन्यात शून्य होतं.

आता इथे थांबू नका. मोकळे झालेले ४,६०० पुढचे पाच महिने वेगळ्या खात्यात टाका. २३,००० होतील. एज्युकेशन लोनचे सहा हप्ते त्यात निघतात. झाले एकूण एकोणीस महिने. दिवाळीचा बोनस मिळाला तर त्याहून लवकर.

माझी रेषा इथे आहे. महागडं कर्ज शून्य आणि लोनचे सहा हप्ते बाजूला, एवढं झालं की शटर उघडा. एज्युकेशन लोन पूर्ण फिटायची वाट बघत बसू नका, त्यात सात-सात वर्षं जातात.

"पण सर, तोवर उमेद संपेल"

हे मला मान्य आहे. नोकरीची सवय लागते, घरचे लग्नाचं बघायला लागतात. म्हणून म्हणतो, हे एकोणीस महिने नुसते काढू नका. ज्या धंद्यात जायचंय त्याच दुकानात किंवा होलसेलरकडे नोकरी मिळते का बघा. रविवारी छोट्या ऑर्डरी घ्या. माल कुठून येतो, उधारी कोण बुडवतो, सीझन कधी असतो, हे दुसऱ्याच्या पैशावर शिकायला मिळतं. आणि जो २२,००० चा हिशोब दीड वर्ष पाळू शकतो, तो दुकानाचाही पाळतो.

काही जण म्हणतात, मुद्रा लोन घेऊ आणि कार्ड भरून टाकू. असं अजिबात करू नका. ते पैसे मशीन आणि मालासाठी असतात. शिवाय बँक आधी तुमचा सिबिल बघते. प्रोप्रायटरशिपमध्ये कायद्याने तुम्ही आणि दुकान एकच, पॅनसुद्धा एकच. कॉलेजात चुकवलेला फोनचा हप्ता दुकानाच्या लोनला आडवा येऊ शकतो. रिकव्हरीवाला "थोडे भरा, सेटल करू" म्हणाला तरी जमत असेल तर पूर्णच भरा. रिपोर्टवर "सेटल्ड" आणि "क्लोज्ड" यात मोठा फरक आहे. कर्ज फिटलं की एनओसी मागून घ्या.

कायदा तुम्हाला आणि दुकानाला वेगळं करत नाही, म्हणून ते काम तुम्हालाच करायचंय. दुकानाचं खातं वेगळं ठेवा. स्वतःला महिन्याला ठरलेला पगार घ्या, पाच हजार असला तरी चालेल. घरचा हप्ता त्या पगारातून किंवा बाजूला ठेवलेल्या पैशातून जाईल, गल्ल्यातून नाही. मी हा नियम दुसऱ्या वर्षी लावला आणि पुढच्या मेमध्ये माल वेळेवर भरला.

आज रात्रीचं काम

एक वही घ्या. कुणाचे किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला, असे तीन रकाने करा. मामाचे पाच हजारही लिहा. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढून ताडून बघा. सगळ्यात जास्त व्याजाच्या कर्जावर लाल पेनाने गोल करा. या महिन्याचा उरलेला प्रत्येक रुपया तिथे जाईल.

आकडा बघून भीती वाटेल, मलाही वाटली होती. पण आकडा वहीत लिहिला की निदान तो किती आहे हे तरी कळतं. दुकानाचं नाव नंतर ठरवू, आधी ही वही भरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!